ज्याने मारलं, त्याच्याशीच लग्न? काळाच्या फेऱ्यातल्या खलनायिका शत्रूला माफ कशा करतात

रीशे ही पंधरा वर्षांची सरदारकन्या. भर मेजवानीत राजपुत्र तिच्यावर आरोप ठेवतो, साखरपुडा मोडल्याचं जाहीर करतो आणि तिला हद्दपार करतो. जमलेल्या लोकांना वाटतं, आता ही कोसळणार, पाया पडणार. रीशे मात्र घाईत आहे. घरी जाऊन बांधाबांध कधी करते असं तिला झालंय. कारण हा प्रसंग ती सातव्यांदा जगते आहे. दरवेळी ती विसाव्या वर्षी मरते आणि दरवेळी तिचे डोळे याच क्षणी उघडतात.

मागच्या सहा आयुष्यांत ती व्यापारी झाली, औषधं बनवायला शिकली, मोलकरीण झाली, शिकारी झाली. सहाव्या वेळी पुरुषाच्या वेशात योद्धा झाली आणि शेजारच्या साम्राज्याच्या आर्नोल्ड हाइन नावाच्या सम्राटाने स्वतःच्या तलवारीने तिला मारलं. सातव्या वेळी राजवाड्यातून निघता निघता तिची गाठ पडते ती नेमकी याच आर्नोल्डशी. तो अजून सम्राट झालेला नाही, युवराज आहे. त्याने तिला आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलंय. आणि तो तिला लग्नाची मागणी घालतो.

तोउको आमेकावा या लेखिकेच्या जपानी कादंबरीमालिकेची ही सुरुवात. २०२४ च्या जानेवारीत तिचं ॲनिमे आलं. मूळ जपानी नाव लांबलचक आहे. त्यात नायिका ‘पूर्वीच्या शत्रूदेशात’ मजेत नववधूचं आयुष्य जगते, असं सरळच सांगून टाकलंय. या नावातला ‘पूर्वीच्या’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. शत्रुत्व तर पुढच्या पाच वर्षांत व्हायचंय. मग ते पूर्वीचं कसं?

खलनायिका आली कुठून

जपानमध्ये मुलींसाठी म्हणून बनवलेल्या प्रेमकथांच्या व्हिडिओ गेमना ‘ओतोमे गेम’ म्हणतात. खेळणारी मुलगी नायिका असते, समोर चार-पाच देखणे राजपुत्र किंवा सरदार असतात आणि त्यांतल्या एकाचं मन जिंकायचं असतं. १९९४ साली कोएई कंपनीने काढलेला ‘अँजेलिक’ हा यातला पहिला खेळ मानला जातो. त्यात नायिकेला रोझालिया नावाची एक तोऱ्यातली, श्रीमंत प्रतिस्पर्धी होती. पुढे वेबवरच्या हौशी लेखिकांनी हे पात्र उचललं. नायिकेला छळणारी, राजपुत्राशी आधीच साखरपुडा झालेली आणि शेवटी सगळ्यांसमोर अपमान होऊन हद्दपार होणारी किंवा फासावर जाणारी सरदारकन्या, म्हणजे ‘आकुयाकु रेइजो’. मजा अशी की इतकी ठरीव दुष्ट खलनायिका खऱ्या खेळांमध्ये फारशी सापडत नाही. ती बहुतांशी या कथांनीच घडवली आणि मग तिची बाजू घेतली.

या कथा वाढल्या त्या ‘शोसेत्सुका नि नारो’ या जपानी संकेतस्थळावर. २००४ साली सुरू झालेल्या या ठिकाणी कोणीही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने टाकू शकतं. गेल्या दशकात तिथे खलनायिकांचं पीक आलं. कोरियातही वेब कादंबऱ्या आणि त्यांवरची मोबाइलवर खाली सरकवत वाचायची रंगीत चित्रकथा, म्हणजे वेबटून, यांत हाच साचा रुजला. कोरियन वाचकांनी तर अशा कथांसाठी एक जोडशब्दच बनवलाय, ‘होए-बिंग-ह्वान’. भूतकाळात परतणं, दुसऱ्याच्या देहात शिरणं आणि पुन्हा जन्मणं या तिन्हींची आद्याक्षरं एकत्र करून झालेला.

यातला पहिला प्रकार, म्हणजे मरून आपल्याच आयुष्याच्या आधीच्या टप्प्यावर परतणं, हा या लेखाचा विषय. त्याला पुनर्जन्म म्हणता येत नाही. आपल्याकडच्या पुनर्जन्माच्या कल्पनेत कर्म सोबत येतं आणि आठवण मागे राहते. या कथांमध्ये नेमकं उलटं होतं. आठवण सोबत येते आणि कर्म पुसलं जातं, तिचंही आणि तिच्या वैऱ्याचंही. माफीचा सगळा गुंता या एका उलटापालटीतून निघतो.

सोडा आणि रताळं

माफीच्या आधी सूडाबद्दल बोलायला हवं, कारण या कथांचा मोठा हिस्सा सूडाचाच आहे. जपानी वाचक अशा प्रसंगाला ‘झामा’ म्हणतात. आपल्याकडे ‘बरं झालं, चांगली खोड मोडली’ म्हणताना जो सूर लागतो, तोच. कोरियन वाचकांचे शब्द आणखी चविष्ट आहेत. नायिकेने शत्रूची जिरवली की तो प्रसंग ‘साइडा’, म्हणजे लिंबाच्या चवीचा सोडा. गार, फसफसणारा, घसा मोकळा करणारा. आणि नायिका मुकाट सोसत राहिली की ते ‘गोगुमा’, म्हणजे रताळं. पाण्याशिवाय उकडलेलं रताळं खाल्लेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

प्रकरणागणिक पैसे देऊन वाचणाऱ्या वाचकाला सोडा हवा असतो. त्यामुळे माफी हा या धंद्यात जोखमीचा प्रकार आहे. ‘द व्हिलनेस टर्न्स द अवरग्लास’ या कोरियन कथेतली आरिया सावत्र बहिणीच्या कारस्थानामुळे शिरच्छेदाला सामोरी जाते. मरताना तिला वाळूचं घड्याळ दिसतं आणि ती लहानपणात परत येते. मग ती त्या बहिणीचं गोड बोलणं, विनम्र वागणं स्वतः उचलते आणि त्याच हत्याराने तिला संपवते. माफीचा विचारही तिला शिवत नाही, आणि कथा त्याबद्दल तिला दोषही देत नाही.

कोरियन मालिका बघणाऱ्यांना ‘मॅरी माय हजबंड’ आठवेल. २०२४ च्या सुरुवातीला ती प्राइम व्हिडिओवर होती. तिची नायिका खलनायिका नाही, साधी नोकरदार बाई आहे. नवरा आणि जिवलग मैत्रीण मिळून तिला मारतात आणि ती दहा वर्षं मागे जाते. या मालिकेने एक कडक नियम घातलाय. जे एकदा घडलं ते पुन्हा घडणारच, फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला घालता येतं. मग तो नवरा आणि ती मैत्रीण यांचं लग्न लावून देणं हाच नायिकेचा बेत होतो. असा नियम असला की माफीला जागाच उरत नाही. वैऱ्याला सोडून द्यायचं तर ते मरण स्वतःच्या किंवा एखाद्या निरपराध माणसाच्या गळ्यात पडणार. एखाद्या कथेत माफी शक्य आहे का, हे पुष्कळदा पात्रांच्या स्वभावापेक्षा काळाच्या नियमावरच ठरतं.

न घडलेला गुन्हा

जिथे नियम इतका कडक नाही, तिथे वेगळाच पेच उभा राहतो. समोरच्या माणसाने अजून काही केलेलंच नाही. मग माफ करायचं कशाबद्दल?

हाना आरेण्ट या विचारवंत बाईंनी १९५८ साली ‘द ह्युमन कंडिशन’ या पुस्तकात माफीची गरज कशातून येते हे मांडलं होतं. माणसाची कृती परत घेता येत नाही. केलेलं न केलेलं होत नाही. म्हणून त्या कृतीच्या परिणामांत कायमचं जखडून पडायचं नसेल तर माफी लागते. आणि पुढे काय होईल याचा भरवसा नसतो, म्हणून वचन लागतं. मागच्या काळासाठी माफी, पुढच्या काळासाठी वचन.

काळ उलटा फिरवणाऱ्या कथा यातल्या पहिल्याच पायावर घाव घालतात. इथे केलेलं खरोखर न केलेलं होतं. तलवार म्यानात आहे, मेलेले लोक चालताफिरताना दिसतात. मग माफीची गरज संपली का? संपत नाही, कारण एका डोक्यात ते सगळं अजून घडलेलंच आहे. गुन्ह्याची साक्षीदार एकटी ती. जिच्यावर अन्याय झाला ती तीच, फिर्याद तिची आणि पुरावाही तीच. ज्याच्यावर आरोप आहे, त्याला आरोप कळलेला नाही.

हा पेच सगळ्यांत टोकाला नेला तो ‘द अबँडन्ड एम्प्रेस’ या कोरियन कथेने. अरिस्तिया ही युवराजाची पत्नी होण्यासाठीच वाढवलेली मुलगी. तेवढ्यात दुसऱ्या जगातून एक मुलगी येते, सम्राज्ञीची जागा तिला मिळते आणि अरिस्तिया दुय्यम पत्नी होते. सम्राट तिला तुच्छ लेखतो, तिच्या वडिलांना मृत्युदंड देतो. शेवटी ती त्याच्यावर वार करते आणि तिचं डोकं उडवलं जातं. डोळे उघडतात तेव्हा ती लहान मुलगी असते.

आता तिच्यासमोर जो युवराज आहे, तोही कोवळा आहे. हळूहळू तो तिच्या प्रेमात पडतो. वागतो नीट, बोलतो जपून. पण त्याचा चेहरा तोच, आवाज तोच. त्याने जवळ येऊन हात पुढे केला की तिला कापरं भरतं. त्याला कळत नाही आपलं काय चुकलं, आणि तिला सांगता येत नाही. वाचक या कथेवर वर्षानुवर्षं भांडत आले. एक पक्ष म्हणतो, या मुलाने काही केलेलं नाही, त्याला शिक्षा का? दुसरा म्हणतो, अंगाला जे आठवतं त्यापुढे युक्तिवाद काय कामाचा?

दोन्ही पक्ष खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात. दोष देणं ही एक गोष्ट, भीती वाटणं ही दुसरी. अरिस्तियाने या मुलाला दोष देणं अन्यायाचं होईल. त्याची भीती वाटणं मात्र अन्याय नाही, कारण भीती ही काही शिक्षा सुनावणं नव्हे. माफी दोषाबद्दल असते. भीती माफ करून जात नाही, ती गेली तर सवयीने, वेळाने जाते. या प्रकारातल्या कच्च्या कथा इथेच घसरतात. नायकाने एक फूल दिलं, नायिकेला त्याच्या बालपणाची करुण कहाणी कळली की मागच्या जन्मीचा थरकाप एका प्रकरणात विरून जातो. ‘अबँडन्ड एम्प्रेस’ त्यासाठी शेकडो पानं घेते आणि म्हणूनच पुष्कळांना ती रताळ्यासारखी वाटते.

रीशे माफ करत नाही, ती चौकशी करते

आर्नोल्डच्या मागणीला रीशे होकार देते. प्रेमाने नव्हे. सहा आयुष्यांत तिला एक गोष्ट कळलेली आहे. हा माणूस पुढे आपल्या बापाला मारून सम्राट होणार आणि युद्ध पेटवणार. त्या युद्धाने तिची आयुष्यं गिळली. आता त्याच्या शेजारी बसून ते युद्ध मुळात सुरू का होतं, हे शोधायची संधी चालून आलीय. होकार देताना ती अटी घालते. तिच्या अंगाला हात लावायचा नाही, ही त्यातली एक. आरेण्टबाईंच्या भाषेत सांगायचं तर मागचं खातं बंद न करताच ती पुढचं वचन लिहून घेते.

कथेची हुशारी इथे आहे की ती माफीचा मुद्दा बराच काळ पुढ्यात येऊच देत नाही. रीशेला आर्नोल्डबद्दल कुतूहल आहे. जो माणूस स्वतःच्या सैनिकांना जपतो, प्रजेचा विचार करतो, तोच पाच वर्षांनी तसा राक्षस कसा होतो? हे कोडं सुटेपर्यंत निकाल द्यायचा नाही, असं तिचं साधं धोरण आहे. मराठीत ‘समजून घेणं’ आणि ‘सांभाळून घेणं’ या दोन क्रिया पुष्कळदा एकमेकींत मिसळतात. रीशे पहिली करते, दुसरी करत नाही. ती त्याच्यावर नजर ठेवते, त्याच्या पाठीमागे आपले व्यवहार उभे करते, आधीच्या आयुष्यांत शिकलेलं व्यापारातलं आणि औषधांतलं ज्ञान वापरते आणि त्याच्या हालचालींत शिरलेलं काही खटकलं की तोंडावर विचारते.

याच कथेत मिशेल नावाचा एक किमयागार येतो. आधीच्या एका आयुष्यात तो रीशेचा गुरू होता, अत्यंत प्रेमळ. पण त्याने शोधलेली बंदुकीची दारू पुढे युद्धात वापरली जाणार हे तिला ठाऊक आहे. इथे चित्र उलटं होतं. आर्नोल्ड हा शत्रू, ज्याच्यातला चांगला माणूस तिला शोधायचाय. मिशेल हा आवडता माणूस, ज्याच्या हातून घडणारं वाईट तिला थांबवायचंय. दोघांशी ती एकाच रीतीने वागते. माणूस धरून ठेवायचा, कृती अडवायची. न घडलेल्या गुन्ह्यासाठी माणसांना आधीच पकडायचं हा मार्ग ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ या २००२ च्या हॉलिवूड चित्रपटातल्या पोलिसांनी घेतला होता. रीशेकडेही तशीच भविष्याची माहिती आहे, पण तिला अटक करायची नाही.

मेलेल्यांचं काय, हा प्रश्न मात्र कथा हळूच बाजूला सारते. सहाव्या आयुष्यात रीशेबरोबर लढणारे तिचे सोबतीही त्या युद्धात पडले. त्यांच्या वतीने आर्नोल्डला माफ करायचा अधिकार तिला आहे का? ते आज जिवंत आहेत, त्यांना काही आठवत नाही, त्यांना विचारताही येत नाही. रीशे हा अधिकार स्वतःकडे घेत नाही, ती फक्त त्यांना पुन्हा मरू न देण्याच्या मागे लागते. उत्तर म्हणून ते अपुरं असेल, पण खोटं नाही.

माफी मागायची पाळी आपल्यावर आली तर

वर आलेल्या नायिका बहुतेक निरपराध आहेत. खलनायिका हे नाव त्यांना इतरांनी चिकटवलेलं. ‘टिअरमून एम्पायर’ या नोझोमु मोचित्सुकी यांच्या कथेत तशी सोय नाही. राजकन्या मिया खरोखरच बेपर्वा, लाडावलेली, उधळी आहे. दुष्काळाने लोक मरत असताना तिला पत्ता नाही. क्रांती होते, तिला अंधारकोठडीत टाकतात आणि विसाव्या वर्षी गिलोटिनखाली तिची मान जाते. ती बारा वर्षांची होऊन जागी होते. उशाशी रक्ताने माखलेली, तिने तुरुंगात लिहिलेली डायरी असते.

मियाचे शत्रू दोन. क्रांतीचं नेतृत्व करणारी टिओना आणि तिला साथ देणारा न्यायप्रिय राजपुत्र सिओन. दुसऱ्या आयुष्यात ती दोघं तिला शाळेत भेटतात आणि मिया मनातल्या मनात दात-ओठ खाते. निवेदक तिची यथेच्छ टर उडवतो. ती चांगलं वागते ते निव्वळ मान वाचवण्यासाठी, आणि आजूबाजूचे लोक तिला थोर विचारवंत समजून बसतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये याचंही ॲनिमे आलं.

हा विनोद वरवरचा नाही. मियाला त्या दोघांचा राग येतो, पण त्यांनी तिला मारलं ते कारणाशिवाय नव्हे. तिला माफ करायचं आहे आणि त्याच वेळी तिलाच माफी हवी आहे. ती मागणार कोणाकडे? या आयुष्यातल्या टिओनाला मियाने काहीच केलेलं नाही. ज्या टिओनाचं तिने वाटोळं केलं ती आता अस्तित्वात नाही. माफी मागायला माणूसच शिल्लक नाही म्हटल्यावर उरतं ते वागणं. सरदारांची मुलं टिओनाला त्रास देतात तेव्हा मिया मध्ये पडते, कारण नाही पडलं तर पुढे गिलोटिन आहे. हेतू स्वार्थी, पण टिओनाचा त्रास खरोखर थांबतो. इतिहास बदलला की रक्ताळलेल्या डायरीतला मजकूरही बदलत जातो.

तुरुंगात तिची काळजी घेणारी ॲन ही मोलकरीण मात्र मियाने पहिल्या दिवसापासून जवळ केली. तुरुंगातल्या अन्नानंतर राजवाड्यातल्या स्वयंपाक्याचं जेवण तिला अमृतासारखं लागतं आणि पूर्वी नाकं मुरडणारी ती त्याचं कौतुक करते. ॲनला आणि त्या स्वयंपाक्याला कळत नाही की अचानक हे काय झालं. या कथेत माफीपेक्षा कृतज्ञता आधी येते, हे विशेष.

घरातला प्रश्न

या साऱ्या प्रकारावर एक आक्षेप कायम घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याने मारलं त्याच्याकडेच नायिकेला परत पाठवणाऱ्या कथा तरुण मुलींना काय सांगतात? ‘तो बदलेल, फक्त तू त्याला समजून घे’ हे वाक्य मारझोड सोसणाऱ्या कितीतरी बायकांनी माहेरीही ऐकलेलं असतं आणि सासरीही.

फरक इतकाच, पण तो निर्णायक आहे. अरिस्तियासमोर उभ्या असलेल्या मुलाने हात उचललेला नाही, हे कथेतलं वास्तव आहे. घरी परतणाऱ्या बाईसमोरच्या नवऱ्याने उचललेला आहे. तिच्यासाठी काळ मागे गेलेला नाही, फक्त तारीख बदलली आहे. कथेतली काळाची उडी हीच माफीची किंमत चुकवते. ती उडी काढून टाकली तर तीच गोष्ट सोसण्याची होते. ज्या कथा हे विसरतात, म्हणजे नायक या आयुष्यातही क्रूर वागतो आणि तरी त्याला मागच्या-पुढच्या दुःखाचं निमित्त मिळतं, त्यांच्यावरचा आक्षेप अगदी रास्त आहे. ‘व्हिलन्स आर डेस्टिन्ड टु डाय’ या कोरियन वेबटूनमध्ये युवराज कॅलिस्टो पहिल्या भेटीतच नायिकेच्या मानेला तलवार लावतो आणि पुढे वाचकांचा लाडका होतो. तिथे चाहत्यांनाही थोडं अडखळावं लागतं.

आणि उलट, साखरपुडा मोडणाऱ्या पहिल्या राजपुत्राकडे पाहिलं तर माफीचा आणखी एक नमुना दिसतो, ज्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. सातव्या वेळी रीशे त्याच्यावर चिडलेलीही नाही. सहा वेळा तेच आरोप, तेच शब्द ऐकून तिच्या लेखी तो माणूस पावसासारखा झालाय, येणार आणि जाणार. त्याला माफ केलं का असं तिला विचारलं तर बहुधा ती आधी आठवून बघेल, कशाबद्दल ते.

आर्नोल्डबाबत तिला तसं आठवून बघावं लागत नाही. ॲनिमेचे बारा भाग संपतात तेव्हा दोघं एकमेकांच्या बरीच जवळ आलेली असतात. आर्नोल्डला तरीही ठाऊक नसतं की आपल्या तलवारीने ही मुलगी एकदा मेली आहे.